एका आण्याचा एक दंश

दरवर्षी २० ऑगस्टला आम्ही वर्गात मुलांना डासांविषयी सांगतो. हा जागतिक डास दिन. १८९७ साली याच दिवशी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरांना डासाच्या जठरात मलेरियाचा परजीवी सापडला. यंदा धडा संपल्यावर एका मुलीने विचारले, "टीचर, पण त्या डासांना रक्त पाजलं कोणी?"

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात नव्हते. रक्त पाजणाऱ्याचे नाव हुसेन खान. तो मलेरियाचा रुग्ण होता. रॉसने त्याला दर डासामागे एक आणा दिला. दहा डास चावले, दहा आणे मिळाले. रॉसना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हुसेन खान रॉसच्या टिपणांत तेवढा राहिला.

डासांना रक्त पाजायचे कशासाठी, असे वाचकांना वाटेल. डासांची फक्त मादी चावते. तिला अंडी घालण्यासाठी रक्तातील प्रथिने लागतात. नर फुलांच्या रसावर जगतो. म्हणून मलेरियाचा अभ्यास करायचा तर प्रयोगशाळेत डास पाळावे लागतात, आणि पाळलेल्या माद्यांना रक्त द्यावेच लागते. कित्येक वर्षे हे काम जिवंत अंगावरच चाले. कुठे माणूस पिंजऱ्यात हात घाली, कुठे पोटाचे केस काढलेला ससा किंवा गिनिपिग जाळीवर बांधून ठेवला जाई. रुग्णाच्या रक्तातून डासाला लागण होते का, हे पाहायचे असेल तर तापाने फणफणलेल्याच्या कातडीवरच डासांची डबी लावावी लागे.

यातून सुटका केली ती काचेच्या एका छोट्या पेल्याने. १९६४ साली रटलेज, वॉर्ड आणि गूल्ड या संशोधकांनी त्याची रचना प्रसिद्ध केली. पेल्याच्या तोंडावर मेणासारखी ताणली जाणारी फिल्म किंवा जनावराच्या आतड्याचे पातळ पापुद्रे ताणून बसवतात. ही झाली कातडी. आत थोडेसे रक्त, आणि पेल्याभोवतीच्या दुहेरी भिंतीतून कोमट पाणी फिरत राहते. हा पेला डासांच्या डबीच्या जाळीवर ठेवतात. काही तास साखरपाण्यावाचून उपाशी ठेवलेल्या माद्या त्या उबेकडे येतात, फिल्ममधून सोंड खुपसतात आणि थोड्याच वेळात त्यांची पोटे लाल होऊन फुगतात.

यात खरी कसोटी तापमानाची. रक्त ३७ अंशांच्या आसपासच राहिले पाहिजे. माणसाच्या रक्तात परजीवीची नर आणि मादी रूपे निपचित असतात. डासाच्या पोटात गेल्यावर रक्त थंडावते, तिथले एक रसायनही त्यांना मिळते, आणि ती जागी होतात. हे रक्त नळीतच थंड झाले, तर परजीवी डासात जाण्याआधीच जागा होतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

१९७६ साली ट्रेगर आणि जेन्सन यांनी मलेरियाचा सर्वांत घातक परजीवी काचेच्या भांड्यात वाढवून दाखवला. ऑक्सिजन कमी करायला त्यांनी झाकणबंद बरणीत चक्क मेणबत्ती पेटवून ठेवली होती! यामुळे प्रत्येक प्रयोगासाठी रुग्ण शोधण्याची गरज उरली नाही.

पेल्याचा आणखी एक फायदा आहे. त्यातले रक्त बदलता येते. एका पेल्यात परजीवी असलेले रक्त, दुसऱ्यात तेच रक्त पण लस घेतलेल्या माणसाच्या रक्तातील प्रतिपिंडे मिसळलेले. आठवड्याभराने डास चिरून जठरावरच्या गाठी मोजतात. दुसऱ्या गटात गाठी नसतील, तर लसीने परजीवीला डासातच अडवले, असे कळते. अशा लसींच्या चाचण्या आफ्रिकेत माली देशात झाल्या आहेत. या लसीचे वेगळेपण असे की जो ती टोचून घेतो, त्याचा स्वतःचा ताप तिने टळत नाही. त्याला चावलेला डास पुढे शेजारच्या लेकराला आजारी करत नाही, एवढेच. दुसऱ्यासाठी दंडावर सुई घेणे! आम्हाला ही गोष्ट फार मोठी वाटते.

पेल्याने सगळेच प्रश्न सुटले असे नाही. पाळलेले सगळे डास फिल्ममधून सुखासुखी पीत नाहीत. त्यांना सवय लावावी लागते. आणि रक्त अखेर कुणाच्या तरी शिरेतूनच येते. फरक इतकाच, की आता दात्याला आधी विचारले जाते, सुईने थोडे रक्त घेतले जाते आणि त्याच्या अंगावर डास सोडले जात नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली मलेरियाने सुमारे ५ लाख ९७ हजार जीव गेले. त्यात बहुसंख्य आफ्रिकेतली पाच वर्षांखालील मुले होती. आपल्या शहरांतला मलेरियाचा डास, अ‍ॅनोफिलीस स्टिफेन्साय, गच्चीवरच्या उघड्या टाकीत, हौदात, स्वच्छ पाण्यात वाढतो. प्रयोगशाळेतल्या डासाला पेला कुणीतरी मोजून देते. टाकीतल्या डासाला आपण झाकण न लावून वाढवतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही फळ्यावर रॉस यांच्या नावाखाली हुसेन खान असे लिहिले. त्या मुलीने ते वहीत उतरवून घेतले आणि विचारले, "दहा आण्यांत तेव्हा काय येत होतं, टीचर?"