नणंदेची गोळी आपल्याला चालते का?



मागच्या तिमाहीत एका गटाची नोंदवही तपासत होते. तीन हजारांचं अंतर्गत कर्ज, कारण लिहिलंय 'घरगुती'. मी सहज विचारलं तर सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी सचिव ताई म्हणाल्या, "अहो मॅडम, बारीक व्हायच्या गोळ्या आणल्यात तिनं." मग सगळं बाहेर आलं. त्या ताईंनी लिहायला परवानगी दिली आहे, फक्त नाव नको म्हणाल्या.

ताईंना तीन वर्षांपासून शुगर आहे. ग्लिमेपिराइडची गोळी रोज चालू. त्यांची नणंद शहरात राहते, तिलाही शुगर आहे. तिच्या डॉक्टरांनी तिला सेमाग्लुटाइड नावाची गोळी दिली आणि तिचं वजन चांगलं उतरलं. घरात भाच्याचं लग्न होतं. ताईंना वाटलं, आपणही घ्यावी. नणंदेनं ओळखीच्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय तीच गोळी, तेवढ्याच पॉवरची, आणून दिली.

पहिले तीन दिवस नुसती मळमळ. उलट्या झाल्या, जेवण जाईना. ताई खूश, औषध लागू पडलं म्हणून! चौथ्या दिवशी संकष्टी. उपवास धरला, शुगरची गोळी नेहमीसारखी घेतली आणि खुरपणीला गेल्या. दुपारी दरदरून घाम, हात थरथरायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी. बांधावरच बसल्या. बरोबरच्या बायकांनी साखरपाणी पाजलं, १०८ ला फोन केला. दवाखान्यात तपासली तेव्हा साखर ४८. सत्तरच्या खाली गेली की धोका समजतात.

आता बघूया, झालं काय.

सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपटाइड ही औषधं भूक कमी करतात. पोटातलं अन्न हळूहळू पुढे सरकतं आणि पोट भरल्याची खूण मेंदूला जाते. सेमाग्लुटाइडची गोळी असते आणि आठवड्याचं इंजेक्शनही असतं, टिर्झेपटाइडचं इंजेक्शन. आधी ही शुगरसाठी आली, मग वजनासाठीही वापरायला लागले. औषध खोटं नाही, ज्याला गरज आहे त्याला फायदा होतो. पण ते पायरीपायरीनं वाढवायचं असतं. गोळी ३ मिलिग्रॅमपासून सुरू होते, महिन्यानं ७, लागलं तर पुढे १४. नणंद १४ वर पोचली होती ती महिने घालवून. आपल्या ताईंनी पहिल्याच दिवशी १४ घेतली. उलट्या होणारच.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो नसो, साखर खाली ओढते. त्यात भूक मारणारं औषध आणि वर उपवास. म्हणून शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टर आधी त्याचा डोस कमी करायचा का ते बघतात. हे नणंद बघू शकत नाही, मेडिकलवालाही नाही. आणि चतुर्थी, श्रावण, नवरात्र, रोजे, जे काही आपण धरतो ते डॉक्टरांना आधीच सांगायचं. 'डॉक्टर काय म्हणतील' म्हणून लपवू नका.

डॉक्टरांना आणखी काय सांगायचं? चालू असलेली सगळी औषधं पिशवीत घालून न्या, बीपीची, थायरॉइडची, मनाच्या आजाराची, वैदूची पुडीसुद्धा. पित्ताशयात खडे आहेत का, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, मूत्रपिंडाचा त्रास आहे का, घरात कुणाला थायरॉइडचा कॅन्सर झाला होता का, हे सांगा. 'ताईला गाठ होती' एवढं माहीत असलं तरी बोला. पुढे कधी ऑपरेशन ठरलं, कुटुंबनियोजनाचं का असेना, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे औषध चालू आहे असं सांगायचंच. आदल्या रात्रीपासून उपाशी असलात तरी पोटात अन्न राहिलेलं असू शकतं, आणि भुलीत उलटी छातीत गेली तर जिवावर बेतते.

सुनांसाठी आणि तरुण मैत्रिणींसाठी वेगळं सांगते, कारण हे कुणी बोलत नाही. दिवस गेले असतील, अंगावर पाजत असाल, किंवा मूल हवं असेल तर ही औषधं नकोत. सेमाग्लुटाइड तर मूल हवं असेल तर किमान दोन महिने आधी बंद करायचं असतं. टिर्झेपटाइड चालू असताना गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होऊ शकतो. म्हणून इंजेक्शन सुरू केल्यावर चार आठवडे आणि दर वेळी डोस वाढवल्यावर पुन्हा चार आठवडे निरोधही वापरा.

मग घ्यावं कुणी? किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचा एक हिशेब असतो, बीएमआय म्हणतात. वजनाचं इंजेक्शन साधारण ३० च्या पुढे, किंवा २७ च्या पुढे आणि सोबत शुगर, बीपी असा आजार असेल तर देतात. पाच फूट उंचीच्या बाईचा बीएमआय ३० व्हायला वजन ७० किलोच्या आसपास लागतं. बाळंतपणानंतर चार किलो वाढले, लग्नात ब्लाउज बसत नाही, यासाठी हे औषध नाही. शिवाय औषध सोडल्यावर बऱ्याच जणांचं वजन परत वाढतं. गटाचं कर्ज काढून एक पट्टी आणली तर पुढच्या महिन्याचं काय, हा प्रश्न मी ताईंना विचारला. त्यांनी तो विचारच केला नव्हता.

डॉक्टरांनी दिलं असेल तर घरी थोडं जपा. गोळी सकाळी उपाशीपोटी, अर्धा कप पाण्याबरोबर, आणि अर्धा तास चहासुद्धा नाही. (आपल्याकडे हेच सगळ्यात अवघड!) न वापरलेलं इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवायचं, बर्फाच्या कप्प्यात नाही. वीज जाते तिथे किती वेळ बाहेर चालतं ते आणतानाच विचारून घ्या. एकीचं पेन दुसरीनं वापरायचं नाही, सुई बदलली तरी नाही. उन्हातान्हाचं काम असेल तर पाणी जास्त प्या. उलट्या, जुलाब आणि ऊन मिळून मूत्रपिंडावर ताण येतो.

पोटात वरच्या बाजूला जोराचं दुखून कळ पाठीत जात असेल, उलट्या थांबत नसतील, लघवी कमी झाली असेल, डोळे पिवळे दिसत असतील, तर पुढचा डोस घेऊ नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. घाम, थरथर झाली आणि बाई शुद्धीवर असेल तर लगेच साखर द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ लावा.

आणि त्या बाजारातल्या, फोनवरून मागवलेल्या 'हर्बल' पुड्या. त्यांचं मला जास्त भय वाटतं, कारण आत काय आहे हेच कळत नाही. सिबुट्रामिन नावाचं भूक मारायचं औषध पूर्वी मिळायचं. त्यानं बीपी आणि हृदयाचे ठोके वाढतात, झटक्याचा धोका वाढतो, म्हणून आपल्या देशात २०११ मध्ये त्यावर बंदी आली. तेच औषध 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत मिसळलेलं अनेक देशांतल्या तपासण्यांत सापडलं आहे. पुडी घेऊन छाती धडधडते, झोप उडते, तोंड कोरडं पडतं, तर ती पुडी फेकू नका, डॉक्टरांना नेऊन दाखवा.

खऱ्या औषधाच्या पट्टीवर कंपनीचं नाव, बॅच नंबर, तारीख असते. चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही अशा औषधावर उभी तांबडी रेघ असते. ती दिसली की पक्कं बिल मागा, म्हणजे काही झालं तर हातात पुरावा राहतो. औषधाचा त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या मोफत नंबरवर आपण स्वतःही कळवू शकतो.

पुढच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीला उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकारी मॅडम येणार आहेत, वजनकाटा आणि बीपीचं मशीन घेऊन. घरात अशी काही पट्टी, पुडी, पेन असेल तर घेऊन या. कुणासमोर दाखवायला लाज वाटत असेल तर बैठक संपल्यावर थांबा, मीही थांबेन. त्या ताईही येणार आहेत. त्यांच्याकडे सहा गोळ्या उरल्या आहेत, त्या कुणाला देऊ नका एवढं मी त्यांना सांगून ठेवलंय.