रेडिओलहरी आणि संमीलनभट्टीची भिंत

यवतमाळ आकाशवाणीचे एफएम कार्यक्रम सुमारे 100 मेगाहर्ट्झच्या लहरींवरून घरोघरी पोहोचतात. त्याच्या साधारण निम्म्या कंपनसंख्येच्या, परंतु अतिशय प्रबळ लहरी अणुसंमीलनाच्या भट्टीतील प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, तापवितात. फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या ‘इटर’ भट्टीसाठी अशा लहरी निर्माण करणारी यंत्रे पुरविण्याची जबाबदारी भारताने घेतली आहे. हे काम गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेकडे आहे.

अडचण येते ती भिंतीपाशी. भिंतीलगत एक अतिसूक्ष्म विद्युतथर असतो. कडेला रेंगाळणाऱ्या लहरींमुळे त्यातील विद्युतदाब वाढतो, आयन वेगाने भिंतीवर आदळतात आणि धातूचे अणू उडवितात. ‘इटर’च्या 2024 च्या सुधारित आराखड्यात भिंतीसाठी टंगस्टन योजले आहे, त्याची किंचित भेसळही प्लाझ्मा निववू शकते.

हे आत डोकावून मोजणे दुष्कर, म्हणून संगणकावर भट्टीची प्रतिकृती रचतात. परंतु भट्टी कित्येक मीटर रुंद आणि थर सहसा मिलिमीटरहून पातळ! तालुक्याच्या नकाशात शेताचा धुरा दाखवीत नाहीत; तंटा मात्र धुऱ्यावरच होतो. यावर तोड अशी की, थर प्रत्यक्ष न रेखाटता त्याचा परिणाम भिंतीवरील एका गणिती अटीत मांडतात.

जर्मनीत गार्खिंग येथील भट्टीत 2015 मध्ये संगणकावरील आकडेमोडीच्या आधारे तीन पट्ट्यांचे अँटेना बसविण्यात आले, आणि टंगस्टनची भेसळ लक्षणीय घटली.