बांधाबाहेरचा राखणदार

रायगड जिल्ह्यात पेण-अलिबागच्या खाडीकाठी गेलात, तर लांबच लांब मातीचा बांध दिसेल. आत भाताची खाचरे, बाहेर खारे पाणी. बांधाला उघाड्या ठेवलेल्या असतात. ओहोटीला पावसाचे गोडे पाणी त्यांतून बाहेर जाते. भरती आली की पाण्याच्या दाबानेच दार मिटते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टाने उभी राहिलेली ही खारबंदिस्ती.

बांधाबाहेरच्या चिखलात मात्र तिवरांची दाटी असते. तिकडे बोट दाखवून विचारा, पुष्कळजण म्हणतील, "ते होय? पडीक आहे!" आज या पडिकाचाच थोडा हिशेब मांडू.

खाडीच्या चिखलात हवा नसते, म्हणून तिवराची मुळे सळयांसारखी वर येऊन श्वास घेतात. जास्तीचे मीठ ते पानांवाटे बाहेर टाकते. गुरुजींनी मुलांना एकदा खाडीवर न्यावे आणि तिवराचे पान जिभेला लावायला सांगावे. धडा वेगळा शिकवावा लागणार नाही. तिवर, चिपी, कांदळ यांच्या मुळांच्या जाळीत गाळ अडतो, उधाणाच्या लाटेचा जोर मोडतो. त्याच जाळीत कोळंबी, बोय, चिंबोरी यांची पिल्ले वाढतात. म्हणजे शेतकऱ्याच्या बांधाचा राखणदार तोच, आणि कोळ्याच्या जाळ्याचा पुरवठादारही तोच.

आता तुम्ही म्हणाल, "साहेब, याच तिवरांनी आमची शेते खाल्ली!" ही तक्रार खोटी नाही. बांधाला खांड पडते, ती वेळेवर बुजत नाही, खारे पाणी आत शिरते, पाण्याबरोबर बी येते आणि खाचरात जंगल उभे राहते. पुढे कायद्याने ते तोडताही येत नाही. पण दोष झाडाचा की न बुजलेल्या खांडीचा? तिवर बांधाबाहेर आणि भात बांधाआत, ही जुनी वाटणी बांध सांभाळला तरच टिकते.

खुद्द ठाण्याच्या खाडीत, महानगराच्या कुशीत, हजारो रोहित पक्षी दरसाल उतरतात, ते याच चिखलातल्या शेवाळासाठी आणि बारीक जीवांसाठी. तिथे २०१५ साली अभयारण्य झाले आणि २०२२ साली ही खाडी जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. २०२० साली पांढरी चिपी हा महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष ठरला.

खाडी सोडून उघड्या समुद्रात गेलो, की बेटे लागतात. तीही अशीच 'निरुपयोगी' म्हणून दुर्लक्षिलेली. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर ना पीक, ना वस्ती. पण तिथल्या गुहेत पाकोळ्या स्वतःच्या लाळेने घरटी बांधतात आणि खडकांवर सुरय पक्षी अंडी घालतात. माणसाचा वावर नाही, हीच त्यांची सुरक्षितता. परदेशात त्या घरट्यांना मोल आहे, म्हणून ती चोरून नेण्याचे प्रकार इथे घडले आहेत. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील समुद्र १९८७ साली संरक्षित झाला. तिथल्या खडकांच्या आणि पोवळ्यांच्या आसऱ्याने मासे वाढतात.

तेव्हा मंडळी, दोन साधी कामे. जळणासाठी तिवरावर कोयता चालवू नये, आणि खाडीकाठच्या गावाने मे महिन्यात एक दिवस काढून सारा बांध पायी फिरून पाहावा. खांड घमेलाभर मातीची असते तेव्हाच ती गावाच्या हातातली असते.