यंत्राचा माळी आणि घरचें अवेक्षण

शेतीविषयीं संस्कृतांत जे जुने ग्रंथ उपलब्ध आहेत, त्यांत ‘कृषिपराशर’ हा एक प्रमुख होय. त्यांत ग्रंथकारानें असा अभिप्राय दिला आहे कीं, जो शेतीकडे स्वतः लक्ष देतो त्यास ती सुवर्ण देते, आणि जो दुर्लक्ष करितो त्याच्या पदरीं दैन्य घालते. अवेक्षण, म्हणजे जातीनें केलेली देखरेख, हा त्या उपदेशाचा प्राण होय. ही देखरेखच यंत्राकडे सोपवितां येईल काय, असा प्रश्न आमच्या बाळपणीं कोणाच्या स्वप्नींहि नव्हता. परंतु गेल्या तीस वर्षांत तो खरोखरच उपस्थित झाला आहे. अंगणांत वा गच्चीवर भाजीपाला पिकविणारीं स्वयंचलित यंत्रें निघालीं आहेत. त्यांचें स्वरूप काय, त्यांच्या हातीं काय द्यावें आणि काय देऊं नये, याचा विचार गृहस्थाश्रमी वाचकांपुढें मांडण्याचें आम्ही योजिलें आहे.

या प्रकाराचा आरंभ एका कौतुकांतून झाला. इ. स. १९९५ मध्यें अमेरिकेंतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठांत केन गोल्डबर्ग, जोसेफ सांतारोमाना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं ‘टेलिगार्डन’ नांवाची एक लहानशी बाग उभारली. वर्तुळाकार वाफा, मध्यभागीं कारखान्यांत वापरतात तसा एक यांत्रिक हात, आणि त्या हातास आज्ञा देणारे लोक मात्र देशोदेशीं आपापल्या संगणकापुढें बसलेले! इंटरनेटवरून सभासदानें सांगावें, आणि हातानें बीं पेरावें किंवा पाणी घालावें, अशी ती योजना होती. पुढच्याच वर्षीं ही बाग ऑस्ट्रियांतील लिंझ शहरीं हलविण्यांत आली आणि २००४ पर्यंत ती तेथें होती. सभासदांस आपसांत बोलण्याचीहि सोय तींत ठेविलेली होती. भाजी पिकविणें हा त्या बागेचा मुख्य हेतु नव्हता. जी माती आपण कधीं हातीं धरली नाहीं तिच्याविषयीं माणसास ममत्व वाटतें काय, हें पाहण्याचा तो प्रयोग होता. हजारों लोक तींत सामील झाले, यावरून तें कांहीं अंशीं वाटतें असें म्हणावें लागतें.

कौतुकाचें रूपांतर उपयोगांत करण्याचा प्रयत्न पुढें रोरी ॲरनसन या तरुणानें केला. कॅलिफोर्नियांतील सॅन लुईस ओबिस्पो येथें यंत्रविद्येचा अभ्यास करीत असतां २०११ मध्यें त्यानें सेंद्रिय शेतीचा एक पाठ्यक्रम घेतला. कॅमेऱ्याच्या साह्यानें तण ओळखणाऱ्या ट्रॅक्टरविषयीं त्यानें तेथें ऐकलें, आणि अशी सोय लहान वाफ्यास कां नसावी, हा विचार त्याच्या मनांत रुजला. २०१३ मध्यें त्यानें आपली कल्पना लेखरूपानें प्रसिद्ध केली, आणि २०१६ मध्यें ‘फार्मबॉट’ या नांवाच्या यंत्राची आगाऊ मागणी घेण्यास प्रारंभ झाला.

हें यंत्र दिसण्यांत मुळींच माणसासारखें नाहीं. सुमारें दीड मीटर रुंद आणि तीन मीटर लांब असा वाफा घ्यावा. त्याच्या दोन्ही लांब कडांवर रूळ बसवावेत. त्या रुळांवर एक कमान पुढेंमागें सरकते, कमानीवर एक गाडा डावीकडे-उजवीकडे फिरतो, आणि गाड्यावरील दांडा खालींवर होतो. भूमितींत बिंदूचें स्थान तीन मापांनीं सांगतात, त्याप्रमाणें वाफ्यांतील कोणताहि बिंदु या तीन गतींनीं यंत्रास अचूक सांपडतो. दांड्याच्या टोकास चुंबकाच्या योगें निरनिराळीं अवजारें चिकटतात. पोकळ सुई हवा ओढून एकच बीं उचलते आणि नेमक्या जागीं सोडते. पाण्याची तोटी प्रत्येक रोपास त्याचा त्याचा वांटा देते. एक अवजार मातींतील ओलावा मोजतें, तर दुसरें कोवळें तण मातींत दाबून टाकतें. जेथें आपण कांहींच लावलेलें नाहीं तेथें हिरवें दिसलें, तर तें तण असावें, असा तर्क कॅमेऱ्यानें काढलेल्या छायाचित्रावरून केला जातो. धन्यानें पडद्यावरील नकाशांत मुळा येथें, पालक तेथें असें मांडून द्यावें. पुढचें वेळापत्रक यंत्र पाळतें.

या उद्योगांतील एक गोष्ट आम्हांस विशेष आदरणीय वाटते. यंत्राचे आराखडे आणि त्यास चालविणाऱ्या आज्ञावली कर्त्यानें सर्वांस खुल्या ठेविल्या आहेत. ज्यास हजारों डॉलर किंमत देणें शक्य नाहीं, त्यानें ते वाचून स्वतः जुळवाजुळव करावी, अशी मोकळीक आहे. विद्या दिल्यानें वाढते हें आमच्याकडील मुलांस पाठ असतें. तें आचरणांत आणणारा मात्र विरळा.

याहून वेगळा मार्ग जो जोन्स यांनीं धरिला. घरांतील केर काढणारें ‘रूम्बा’ हें वाटोळें यंत्र निर्माण करणाऱ्यांपैकीं ते एक. त्यांनीं २०१७ मध्यें ‘टर्टिल’ नांवाचें तण काढणारें लहान यंत्र लोकांपुढें आणलें. सूर्यप्रकाशावर चालणारें हें यंत्र वाफ्यांत हिंडे. पुढें उंच झाड लागलें कीं तें वळे, आणि पोटाखालीं येण्याइतकें बुटकें कांहीं आढळलें कीं तें कापून टाकी. उंच तें पीक आणि बुटकें तें तण, एवढाच त्याचा न्याय! म्हणून आपण लावलेल्या कोवळ्या रोपाभोंवतीं धन्यास तारेचें कडें ठेवावें लागे. वर्गांत उशीरा वाढणारीं मुलें ज्यानें पाहिलीं आहेत, अशा शिक्षकाच्या मनांत हा न्याय वाचून चर्र झाल्याशिवाय राहत नाहीं. यंत्राचा यांत दोष नाहीं. परंतु कडें कोणाभोंवतीं घालावयाचें, हें ठरविणारा माणूसच लागतो.

येथेंच अवेक्षणाचा मुद्दा येतो. कॅमेरा वरून पाहतो. मावा बहुधा पानाच्या पाठीमागें वसतो. दुपारच्या उन्हांत भोपळ्याचीं पानें माना टाकतात, पण मातींत ओल असेल तर सांजेस तीं आपोआप सांवरतात. हें ज्यानें रोज पाहिलें आहे तो उगाच पाणी ओतीत नाहीं. मुळा जून होण्यापूर्वीं उपटणें, पालक वेळेवर खुडणें, हीं कामें फार्मबॉटहि माणसाकडेच ठेवितो. सारांश, श्रम आणि वेळापत्रक यंत्रानें उचललें, तरी निवाडा घरींच राहिला.

मग अशीं यंत्रें निरुपयोगी काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. ज्यांची कंबर वांकत नाहीं, गुडघे साथ देत नाहींत, परंतु बागेची आवड सुटलेली नाहीं, अशा वृद्धांस तीं मोठा आधार होतील. अधूच्या हातीं बाग येईल. घर आठ दिवस बंद राहिलें तरी रोपें तहानलेलीं राहणार नाहींत, आणि मोजून पाणी दिल्यानें नासाडीहि टळेल.

मात्र ज्या घरांत मुलें आहेत तेथें आमची एक सूचना आहे. अध्यापनाच्या काळांत आम्ही शाळेच्या आवारांत मुलांकडून मेथीचे वाफे करवून घेत असूं. पेरणीच्या दुसऱ्याच दिवशीं माती उकरून कोंब आला कीं नाहीं हें पाहणारीं मुलें दरवर्षीं निघत. त्यांचें बीं वायां जाई; पण वाट पाहणें म्हणजे काय, हें तींच सर्वांत लवकर शिकत. यंत्र असा उतावळेपणा करीत नाहीं, म्हणून त्याचा वाफा नेटका दिसतो. परंतु त्या नेटकेपणांतून मुलाच्या पदरांत कांहीं पडत नाहीं. यासाठीं यंत्र आणलें तरी दोन हात जागा त्याच्या रुळांबाहेर ठेवावी आणि ती मुलांच्या स्वाधीन करावी. तेथें तण माजेल, ओळी वांकड्या येतील, एखादे वेळीं कांहींच उगवणार नाहीं. तें सर्व सोसावें. आजोबांनीं किंवा आजीनें सकाळीं नातवंडास तेथें नेऊन पानाची पाठ उलटून दाखवावी. घरांतील मोठ्यांनीं एवढें केलें तर उरलेला वाफा यंत्रानें सांभाळण्यास आमची हरकत नाहीं.