रिळाच्या आयुष्याएवढी कीर्ती

ज्या चित्रपटाच्या फितीवर ध्वनी मुद्रित केलेला नसे आणि ज्यात संवादांऐवजी दृश्यांच्या मधूनमधून लिखित मजकुराच्या पाट्या येत, तो मूकपट. भारतात त्याचा काळ साधारणपणे 1913 ते 1934 असा धरला जातो. या दोन दशकांत देशात हजाराहून अधिक मूकपट निघाले, परंतु आज पाहता येतील असे, अर्धवट तुकडे धरूनही, फारच थोडे उरले आहेत, आणि जे उरले त्यांच्या जतनाचे मोठे श्रेय पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे जाते. कर्जत तालुक्यातील पोशीरच्या वाचकाला या कथेचा भूगोल परका नाही: 3 मे 1913 रोजी दादासाहेब फाळक्यांचा मूकपट ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला तो मुंबईत गिरगावात, आणि कर्जतहून बोरघाट चढणारी गाडी पुण्यात जिथे पोचते, तिथे 1964 मध्ये हे संग्रहालय स्थापन झाले.

संग्रहालयाची घडण झाली ती पी. के. नायर यांच्या हातून. 1965 पासून 1991 पर्यंत त्यांनी जुन्या निर्मात्यांच्या घरांतून आणि गोदामांतून रिळे गोळा केली. दादासाहेब फाळक्यांच्या चित्रपटांचे अवशेष आज पाहता येतात ते बऱ्याच अंशी त्यांच्या चिकाटीमुळे. हे काम वेळेशी शर्यत लावूनच करावे लागे. त्या काळची फीत नायट्रेटची, म्हणजे अतिज्वालाग्राही पदार्थाची असे. ती एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते, आणि न पेटता नुसती पडून राहिली तरी हळूहळू चिकट होऊन शेवटी तिची भुकटी होते. त्यातच फितीवरील लेपात चांदी असल्याने चालून गेलेला चित्रपट चांदीसाठी विकून टाकण्याची रीत पडली. 2003 मध्ये पुण्यातच लागलेल्या आगीत नायट्रेट फितींचा मोठा साठा जळाला, ही हानी कधीही भरून येणारी नाही.

फीत गेली की नटाचे काय होते, हे पाहण्यासारखे आहे. 1913 च्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची मुलगी कमला, पुढच्या कमलाबाई गोखले, मोहिनी झाली, स्त्रियांनी पडद्यावर येणे अप्रतिष्ठेचे मानले जाई त्या काळात या मायलेकींनी ते धाडस केले, पण तो चित्रपट आज उपलब्ध नाही. पुण्यात जन्मलेल्या रूबी मायर्स ‘सुलोचना’ या नावाने मूकपटांची सर्वांत मोठी तारका ठरल्या, ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’मध्ये त्यांनी आठ भूमिका केल्या आणि 1973 चा दादासाहेब फाळके पुरस्कारही त्यांना मिळाला, तो चित्रपट मात्र हरवला. बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ (1925) आज केवळ वर्णनांतून कळतो.

याउलट ‘कालिया मर्दन’ (1919) बराचसा शिल्लक आहे, आणि त्यात कृष्ण झाली आहे ती फाळक्यांची लहानगी कन्या मंदाकिनी. कथा सुरू होण्याआधी फाळके तिचा चेहरा जवळून दाखवतात. त्यावर एकामागून एक भाव उमटत जातात आणि मग त्याच चेहऱ्याचा कृष्ण होतो. शंभर वर्षांनंतरही ती मुलगी प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाहते. तिची कीर्ती सुलोचनांच्या पासंगालाही पुरणारी नव्हती, तरी चेहरा तिचा टिकला. कोण स्मरणात राहावे हे येथे गुणांनी ठरलेले नाही, रिळाच्या नशिबाने ठरले आहे. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झालेले अण्णा साळुंके हे उपाहारगृहात काम करणारे, ‘लंका दहन’मध्ये (1917) त्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या, आणि त्याचेही काही तुकडेच उरले आहेत.

मूकपट पाहताना गतीचे भान ठेवावे लागते. हाताने फिरवलेल्या कॅमेऱ्यातून सेकंदाला सुमारे 16 ते 18 चित्रे घेतली जात, आणि तीच फीत बोलपटाच्या 24 चित्रांच्या गतीने चालवली की माणसे तुरुतुरु धावताना दिसतात व गंभीर अभिनयही हास्यास्पद वाटू लागतो. तो दोष नटांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. मूळ गतीने पाहिले की त्यांचा संथ, विचारपूर्वक केलेला अभिनय ध्यानात येतो.

म्हणून ज्यांच्या माळ्यावर किंवा जुन्या ट्रंकेत चित्रपटाच्या रिळाचा पत्र्याचा डबा असेल, त्यांनी तो भंगारात देऊ नये, उन्हात वा चुलीजवळ ठेवू नये, आणि फीत उलगडण्याच्या फंदात न पडता आधी पुण्याच्या संग्रहालयाला कळवावे.