तगरच्या बायका

आपल्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे प्राचीन तगर. पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवरच्या या गावचं कापड गाड्यांनी भडोचला जाई, अशी नोंद पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात आहे. तिथून पुढं जहाजं निघत.

तेरच्या लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची स्त्रीमूर्ती आहे. तिच्याच जातकुळीतली दुसरी १९३८ साली इटलीत, इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गडप झालेल्या पॉम्पेईत सापडली.

नाणेघाटच्या लेखानं राणी नागनिका कळली, नाशिकच्या लेण्यानं गौतमी बलश्री. तिचा लेक आईच्या नावानं गौतमीपुत्र म्हणवे. राण्यांची नावं दगडानं राखली. सूत कातणारीचं नाव कोणी कोरलं नाही. मला कवीला तिचीच चुटपुट लागते. तेरला गेलात, तर तिचीही आठवण काढा.