मुलीच्या फीची आधीच तजवीज

बाळ रांगत असतानाच कॉलेजची फी आजच्या दराने भरून टाकायची सोय आपल्याकडे नाही. तिच्या सर्वांत जवळची सोय म्हणजे सुकन्या समृद्धी खातं. ही योजना जानेवारी 2015 मध्ये सुरू झाली. मुलगी दहा वर्षांची होण्याआधी हे खातं पोस्टात किंवा बँकेत उघडता येतं.

वर्षाला किमान 250 आणि जास्तीत जास्त दीड लाख रुपये, तेही 15 वर्षं भरायचे. हप्ता दरमहा भरलाच पाहिजे असं नाही, आणि मावळातल्या घरांसाठी मला हीच बाब मोलाची वाटते. इंद्रायणी भात विकला की पैसे एकदम हातात येतात, तेव्हाच भरता येतात. मात्र महिन्याच्या 5 तारखेच्या आत भरा, नाहीतर त्या रकमेचं त्या महिन्याचं व्याज बुडतं. एखादं वर्ष चुकलं तर दंड 50 रुपये.

दहावी झाल्यावर किंवा 18 वर्षं पूर्ण होताच शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत शिल्लक काढता येते. त्यासाठी प्रवेशाचं पत्र किंवा फीची पावती लागते.

2024-25 पासून वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतल्या मुलींना केंद्रीभूत प्रवेशातून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी राज्य सरकार भरतं. हॉस्टेल, मेस, लॅपटॉप आणि लोणावळा-पुणे लोकलचा पास हा खर्च मात्र घरचाच. साठवायचं ते मुख्यतः यासाठी.